उड्डाण रद्द झाले, मग पुढच्या प्रवासाचे काय?
विमान कंपनीची जबाबदारी कुठे संपते आणि प्रवाशाची कुठे सुरू होते. पांढुर्णा-सौंसरच्या वाटेवरून एक उलगडा

पांढुर्ण्याहून गोव्याला यायचे तर प्रवास तीन तुकड्यांचा होतो. पहिला तुकडा पांढुर्णा ते नागपूर, सुमारे शंभर किलोमीटरचा. इटारसी-नागपूर लोहमार्गावरील गाडीने किंवा राष्ट्रीय महामार्ग ४७ वरून मोटारीने. दुसरा नागपूर ते गोवा, विमानाने. तिसरा मोपा किंवा दाबोळी विमानतळापासून मुक्कामाच्या गावापर्यंत. सौंसरकरांचे नागपूरपर्यंतचे अंतर थोडे कमी, पासष्ट-सत्तर किलोमीटरचे. पण तुकडे तेवढेच. यांतला मधला तुकडा ऐनवेळी गळून पडला, म्हणजे उड्डाणच रद्द झाले, तर उरलेल्या दोन तुकड्यांचे पैसे, गेलेला वेळ आणि हुकलेले कार्य यांचा भार कोणी सोसायचा?

ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा मध्य प्रदेशात असला तरी तेथील घराघरांत मराठी बोलली जाते. संत्र्यांचा हा पट्टा बाजारासाठी, दवाखान्यासाठी, कॉलेजसाठी नागपूरकडे पाहतो, आणि विमानासाठीही त्याला नागपूरचाच आधार आहे. गोव्यातील वाचकाला हे चित्र दूरचे वाटण्याचे कारण नाही. काणकोणहून मोप्याला जाणारा, दोडामार्गहून दाबोळी गाठणारा, मुंबईत विमान बदलून आखाताकडे निघणारा प्रत्येक जण असाच तुकड्या-तुकड्यांनी प्रवास करत असतो. विमानतळ जितका लांब, तितके हे सांधे अधिक आणि तितकीच जोखीम मोठी, एवढाच फरक.

कायदा मात्र संपूर्ण प्रवास पाहत नाही. तो तिकीट पाहतो. तिकिटावर जे लिहिलेले आहे, तेवढ्यापुरतीच विमान कंपनी बांधील असते. हे एक सूत्र नीट समजले की पुढचे बरेचसे नियम आपोआप उलगडतात.

डिसेंबर २०२५ चा धडा

देशातील विमान प्रवाशांना या प्रश्नाची सर्वांत मोठी झळ बसली ती डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात. वैमानिकांच्या कामाच्या व विश्रांतीच्या तासांविषयीचे नवे नियम दोन टप्प्यांत लागू झाले होते. पहिल्या टप्प्यात, १ जुलै २०२५ पासून, साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. दुसऱ्या टप्प्यात, १ नोव्हेंबरपासून, रात्रीच्या वेळी एका वैमानिकाने किती वेळा विमान उतरवावे यावर कडक मर्यादा आली. देशातील सर्वांत मोठी विमान कंपनी असलेल्या इंडिगोचे वेळापत्रक या नियमांपुढे कोलमडले. ५ डिसेंबर या एकाच दिवशी तिची हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत रद्द उड्डाणांची संख्या अडीच हजारांपलीकडे गेली आणि तीन लाखांहून अधिक प्रवाशांना त्याचा फटका बसला.

सरकारने तेव्हा दोन तातडीची पावले उचलली. प्रलंबित परतावा ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत देण्याचा आदेश निघाला; त्या दिवसापर्यंत ६१० कोटी रुपये परत केल्याचे सांगण्यात आले. दुसरे म्हणजे, इतर कंपन्यांनी भाडे वाटेल तसे वाढवू नये म्हणून अंतरानुसार कमाल मर्यादा घालण्यात आली : ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,००० रुपये, कर व विमानतळ शुल्क वेगळे. नागपूर-गोवा हे हवाई अंतर सुमारे ८०० किलोमीटरचे असल्याने त्या दिवसांत या मार्गाला १२,००० रुपयांची मर्यादा लागू होत होती. ही मर्यादा त्या संकटापुरतीच होती, कायमस्वरूपी नव्हे, हे लक्षात ठेवावे. पुढे जानेवारी २०२६ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, कंपनीला २२ कोटी २० लाख रुपयांचा दंड ठोठावला.

दंडाची रक्कम प्रवाशाच्या खिशात येत नाही. प्रवाशाच्या हक्काचे पैसे येतात ते वेगळ्या नियमातून, आणि तो नियम या संकटाच्या कितीतरी आधीपासून अस्तित्वात आहे.

कळवले केव्हा, यावर सारे अवलंबून

प्रवेश नाकारणे, उड्डाण रद्द होणे आणि उड्डाणास विलंब होणे, या तीन प्रसंगी प्रवाशांना काय द्यावयाचे, याचा डीजीसीएचा नियम २०१० पासून लागू असून त्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या आहेत. रद्द उड्डाणाच्या बाबतीत हा नियम एकच प्रश्न विचारतो : प्रवाशाला केव्हा कळवले?

दोन आठवडे किंवा त्याहून आधी कळवले असेल, तर कंपनीने पर्यायी उड्डाण द्यावे अथवा तिकिटाचे पैसे परत करावेत. दोन आठवड्यांहून कमी, परंतु उड्डाणापूर्वी किमान २४ तास आधी कळवले असेल, तरी पर्याय हेच दोन. यांतला कोणता घ्यायचा, हे प्रवाशाने ठरवायचे आहे. नियमाचे शब्द ‘प्रवाशाला मान्य असेल त्याप्रमाणे’ असे आहेत. कंपनीने परस्पर दुसऱ्या दिवशीच्या विमानात नाव घातले, म्हणजे प्रवाशाने ते स्वीकारलेच पाहिजे असे नाही.

खरी भरपाई सुरू होते ती तिसऱ्या प्रसंगात. २४ तासांच्या आत कळवले, किंवा कळवलेच नाही, आणि प्रवासी विमानतळावर पोहोचल्यावर फलकावर ‘रद्द’ हा शब्द दिसला, तर कंपनीने प्रवाशाला मान्य असे पर्यायी उड्डाण द्यावे. नाहीतर संपूर्ण परताव्याखेरीज नुकसानभरपाईही द्यावी. भरपाईची रक्कम उड्डाणाच्या नियोजित कालावधीवर ठरते. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये आणि दोन तासांहून अधिक असल्यास १०,००० रुपये. यापुढचे वाक्य अनेकांच्या नजरेतून सुटते : ही रक्कम, किंवा एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल तेवढेच मिळते.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, सौंसरच्या चार जणांच्या कुटुंबाने नागपूर-गोवा तिकिटे प्रत्येकी ६,२०० रुपयांना काढली. त्यात मूळ भाडे ४,६०० आणि इंधन शुल्क ४०० आहे; बाकीचे कर व विमानतळ शुल्क. उड्डाणाचा कालावधी एक ते दोन तासांमधला, म्हणून कमाल भरपाई ७,५००. पण मूळ भाडे व इंधन शुल्क मिळून ५,००० होतात. कमी ती रक्कम ग्राह्य, म्हणजे भरपाई माणशी ५,०००. परताव्याचे ६,२०० धरून प्रत्येकी ११,२००, आणि कुटुंबाचे ४४,८०० रुपये. हेच कुटुंब पर्यायी उड्डाण स्वीकारून दुसऱ्या दिवशी गोव्यात पोहोचले, तर याच कलमाच्या आधारे त्याला ही भरपाई मागता येत नाही; मात्र मूळ उड्डाणासाठी विमानतळावर हजर झाल्यानंतर पर्यायी विमानाची वाट पाहताना खाण्यापिण्याची सोय करणे कंपनीवर बंधनकारक आहे. म्हणून काउंटरवर ‘चालेल’ म्हणण्यापूर्वी दोन्ही पर्यायांचा हिशेब मनात मांडलेला बरा. त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीचे तिकीट ११,००० च्या आत मिळत असेल, तर परतावा आणि भरपाई घेऊन ते काढणे शहाणपणाचे. भाडे पंचवीस हजारांवर गेले असेल, तर त्याच कंपनीकडून पर्यायी उड्डाण मागणेच हिताचे.

एजंटचा मोबाइल आणि हरवलेला हक्क

लहान गावांतील प्रवाशांचा हक्क सर्वांत अधिक वेळा बुडतो तो एका साध्या कारणाने. तिकीट बाजारपेठेतील ओळखीच्या एजंटकडून काढले जाते आणि तो सवयीने स्वतःचा मोबाइल क्रमांक व ई-मेल भरतो. उड्डाण रद्द झाल्याचा संदेश येतो तो एजंटच्या फोनवर, कदाचित तीन दिवस आधी. आणि प्रवासी मात्र पहाटे उठून नागपूरच्या वाटेला लागलेला असतो. कंपनी म्हणते, आम्ही वेळेत कळवले. शिवाय नियमात असेही म्हटले आहे की, आरक्षण करताना ज्याने संपर्काची पुरेशी माहिती दिलेली नाही, त्याला नुकसानभरपाई देय नाही.

उपाय फुकटचा आहे. तिकीट हातात पडताच त्यावरील मोबाइल क्रमांक आपला आहे की नाही, हे पाहावे. नसल्यास कंपनीच्या संकेतस्थळावर तिकीट क्रमांक टाकून बदलून घ्यावा. घरातील वृद्ध मंडळी प्रवास करणार असतील, तर रोज फोन पाहणाऱ्या मुला-नातवाचा क्रमांक द्यावा.

परताव्याविषयीही एक गैरसमज आहे. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचे पैसे परत करण्याची जबाबदारी नियमानुसार विमान कंपनीवर आहे. एजंट हा तिचाच प्रतिनिधी मानला जातो. ‘एजंटला विचारा’ या उत्तराने कंपनीची सुटका होत नाही. क्रेडिट कार्डावर घेतलेल्या तिकिटाचा परतावा सात दिवसांत मिळावयास हवा. आणि परताव्याऐवजी कंपनीच्या खात्यात ‘क्रेडिट’ घ्यायचे की रोख रक्कम, हा निर्णय प्रवाशाचा असतो.

धुके, वादळ आणि ‘असाधारण परिस्थिती’

भरपाईच्या नियमाला मोठा अपवाद आहे. नैसर्गिक आपत्ती, पूर, दंगल, राजकीय अस्थैर्य, सरकारी आदेश, संप, खराब हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण किंवा सुरक्षेचा प्रश्न, अशा कंपनीच्या नियंत्रणाबाहेरील कारणांनी उड्डाण रद्द झाले, तर नुकसानभरपाई देय होत नाही. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडील धुक्याने दिल्लीचे विमान अडकते आणि तेच विमान पुढे नागपूरला यावयाचे असते. तेव्हा नागपुरात लख्ख ऊन असूनही उड्डाण रद्द होऊ शकते आणि भरपाई नाकारली जाऊ शकते.

तथापि अपवाद आहे तो भरपाईपुरता. सेवा दिलीच नाही, तर तिकिटाचे पैसे ठेवून घेण्याचा अधिकार कोणत्याही कारणाने कंपनीला मिळत नाही. परतावा किंवा पर्यायी उड्डाण धुक्यातही देय असते, वादळातही.

‘असाधारण’ या शब्दाची व्याप्ती हा वादाचा विषय असतो. वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम महिनोन्महिने आधी जाहीर झालेले होते. त्यांच्यासाठी पुरेसे वैमानिक न नेमणे ही नियोजनातील उणीव ठरते, आकाशातून कोसळलेले संकट नव्हे. डिसेंबरच्या प्रसंगात अखेर इंडिगोनेच उड्डाणापूर्वी २४ तासांच्या आत रद्द झालेल्या फेऱ्यांसाठी नियमानुसार भरपाई आणि ३, ४ व ५ डिसेंबरला विशेष हाल सोसलेल्या प्रवाशांना १०,००० रुपयांची प्रवास व्हाउचर देण्याचे जाहीर केले. म्हणून ‘ऑपरेशनल कारण’ एवढे दोन शब्द ऐकून माघारी फिरू नये. कारण लेखी मागावे. पुढे आयोगासमोर तोच कागद बोलतो.

विमान रद्द न होता केवळ रखडले, तर नियम वेगळे आहेत. नागपूर-गोव्यासारख्या अडीच तासांच्या आतील उड्डाणाला दोन तासांचा विलंब होणार असेल, तर खाणे-पिणे देणे कंपनीचे कर्तव्य ठरते. देशांतर्गत उड्डाण सहा तासांहून अधिक रखडणार असेल, तर पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा यांतली निवड प्रवाशाला मिळते. विलंब २४ तासांहून अधिक असल्यास, किंवा रात्री आठ ते पहाटे तीन या वेळेतील उड्डाणाला सहा तासांहून अधिक उशीर होणार असल्यास, हॉटेल आणि तेथे नेण्या-आणण्याची सोय विनामूल्य मिळावयास हवी. पांढुर्ण्याच्या प्रवाशाला रात्री अकरा वाजता पुन्हा शंभर किलोमीटर घरी जाणे शक्य नसते. त्याने ही सोय संकोच न करता मागावी.

सांधा तुटतो कुठे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नागपूर-मुंबई आणि मुंबई-गोवा ही दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआर क्रमांकाखाली असतील आणि पहिल्याच्या गोंधळामुळे दुसरे चुकले, तर अंतिम ठिकाणी पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची. डीजीसीएच्या नियमात ‘त्याच तिकीट क्रमांकावरील जोड उड्डाण’ असे शब्द आहेत आणि वर सांगितलेली पर्यायी उड्डाणाची वा भरपाईची तरतूद त्यालाही लागू होते. बॅगाही साधारणतः थेट अंतिम ठिकाणाची चिठ्ठी लावून जातात.

तीच दोन उड्डाणे हजार-दीड हजार रुपये वाचवण्यासाठी वेगवेगळी काढली, की चित्र पालटते. पहिली कंपनी तुम्हाला मुंबईत उतरवून मोकळी होते. दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी असता आणि तिकीट वाया जाते. दोन्ही उड्डाणे एकाच कंपनीची असली, तरी तिकिटे वेगळी असतील तर सांधा तुमच्या जोखमीवर. त्यात बॅगा उतरवून घ्या, बाहेर या, पुन्हा रांगेत उभे राहा, ही कसरत आलीच.

मुंबईत आता आणखी एक गुंता आहे. सांताक्रूझ-अंधेरीकडील जुन्या विमानतळाची दोन वेगळी टर्मिनले आधीपासून होतीच. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही उड्डाणे सुरू झाली. नागपूरचे विमान एका विमानतळावर उतरते आणि पुढचे दुसऱ्यावरून सुटते, असे तिकीट स्वस्त दिसले तरी मधला रस्ता मुंबईच्या वाहतुकीतून जातो. गोव्याची कथाही तशीच. दाबोळी दक्षिणेला, मोपा पेडण्यात, राज्याच्या उत्तर टोकाला. जानेवारी २०२३ पासून मोपा सुरू झाल्यावर ‘गोवा’ या एकाच नावाखाली दोन ठिकाणे आली. रद्द उड्डाणाच्या बदल्यात कंपनीने दिलेले पर्यायी विमान दाबोळीऐवजी मोप्याला उतरणारे असेल, तर काणकोणच्या लग्नाला निघालेल्या पाहुण्यांची टॅक्सी आणि वेळ दोन्ही वाढणार. पर्याय स्वीकारण्यापूर्वी विमानतळाचे नाव वाचावे.

रेल्वे आणि विमान यांचा सांधा तर याहून नाजूक. रेल्वेच्या दोन गाड्यांचे पीएनआर एकमेकांशी जोडण्याची सोय १ एप्रिल २०१९ पासून आहे. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली, तर न केलेल्या प्रवासाचे भाडे परत मिळू शकते. विमानाशी असा कोणताही सांधा रेल्वेने ठेवलेला नाही. विमान रद्द झाले म्हणून परतीचे रेल्वे तिकीट रद्द करावे लागले, तर रेल्वेची नेहमीची कपात सोसावी लागते; गाडी सुटण्याची वेळ जितकी जवळ तितकी कपात मोठी, आणि अखेरच्या काही तासांत हाती काहीच येत नाही. म्हणून उड्डाण रद्द झाल्याचे कळताच पहिला हात पुढच्या-मागच्या आरक्षणांकडे जावा. विमानाचा परतावा आठ दिवसांनी मागितला तरी बुडत नाही. रेल्वेचा तासातासाला घटतो.

गाडी उशिरा आली आणि विमान हुकले

उलट घडले तर? पांढुर्ण्याहून निघालेली गाडी नरखेड-काटोलच्या दरम्यान रखडली आणि नागपूरचे विमान सुटून गेले, तर? यावर सर्वोच्च न्यायालयाचा ६ सप्टेंबर २०२१ चा निकाल मार्गदर्शक आहे. राजस्थानातील अलवरच्या एका कुटुंबाला ११ जून २०१६ रोजी जम्मूला सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी पोहोचवणारी अजमेर-जम्मू एक्सप्रेस जवळजवळ चार तास उशिरा, दुपारी बाराच्या सुमारास पोहोचली. त्यांचे श्रीनगरचे विमान बाराला होते. ते चुकले आणि कुटुंबाला टॅक्सीने श्रीनगर गाठावे लागले. गाड्या वेळेवर धावतील अशी हमी आम्ही देत नाही, हा आपला नियम रेल्वेने पुढे केला. न्यायमूर्ती एम. आर. शहा आणि अनिरुद्ध बोस यांच्या पीठाने तो मानला नाही. उशीर का झाला आणि तो टाळणे आपल्या हाती कसे नव्हते, हे रेल्वेने पुराव्यानिशी दाखवले पाहिजे. ते दाखवले नाही तर भरपाई द्यावी लागेल, असे न्यायालयाने सांगितले. टॅक्सीचे १५,०००, आरक्षणाच्या खर्चाचे १०,००० आणि मनस्ताप व दाव्याच्या खर्चापोटी प्रत्येकी ५,००० रुपये देण्याचा आदेश कायम राहिला.

या निकालातील एक तपशील सहज विसरला जातो. त्या कुटुंबाने गाडीची नियोजित वेळ आणि विमानाची वेळ यांत जवळपास चार तासांचे अंतर ठेवले होते. पाऊण तासाचे अंतर ठेवून विमान चुकवणाऱ्याला आयोगापुढे आपली सावधगिरी सिद्ध करणे अवघड जाईल. शिवाय २०१६ चा प्रसंग २०२१ मध्ये निकाली निघाला. न्याय मिळाला, पण पाच वर्षांनी.

दुसरा निकाल प्रवाशाच्या कर्तव्याची आठवण देणारा आहे. कोलकाता-आगरतळा मार्गावर जानेवारी २०१७ मध्ये बोर्डिंग पास घेतलेले एक कुटुंब वेळेत दारापाशी पोहोचले नाही आणि विमान निघून गेले. खालच्या आयोगांनी प्रवाशांच्या बाजूने कौल दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये तो फिरवला. बोर्डिंग पास हाती आल्यावर दिलेल्या वेळी दारापाशी हजर राहणे ही प्रवाशाची जबाबदारी, प्रत्येकाला शोधून आणणे हे कंपनीचे काम नव्हे, असा त्याचा आशय.

पांढुर्णा-सौंसरकरांचे वेळेचे गणित

देशांतर्गत उड्डाणासाठी बहुतेक कंपन्यांचे चेक-इन काउंटर सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बंद होतात आणि विमानाचे दार सुमारे २५ मिनिटे आधी. सकाळी दहाचे विमान असेल, तर सामानासह नऊच्या आत काउंटर गाठलेच पाहिजे. नागपूर रेल्वे स्थानकातून सोनेगावच्या विमानतळापर्यंत शहर ओलांडावे लागते; त्याला पाऊण तास धरावा. म्हणजे गाडी वेळापत्रकानुसार सहा-सव्वासहापर्यंत नागपुरात येणारी असावी, तरच दोन तासांचा उशीर पचतो. लांबून, उत्तरेकडून येणाऱ्या एक्सप्रेसवर हिवाळ्यात विसंबणे धोक्याचे. धुके जसे विमानाला अडवते तसे गाडीलाही. पहाटेच्या विमानासाठी आदल्या रात्री नागपुरात नातलगांकडे मुक्काम करण्याची जुनी रीत आजही सर्वांत स्वस्त विमा आहे.

सौंसरकरांना छिंदवाडा-नागपूर ब्रॉडगेज मार्ग आणि सावनेरवरून येणारा महामार्ग, असे दोन पर्याय आहेत. एक अडला तर दुसरा. पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार असते. त्या दिवशी गावातून वेळेवर बाहेर पडण्याचा भरवसा धरून विमानाचे तिकीट काढू नये, हे गावकऱ्यांना सांगण्याची गरज नाही, पण बाहेरगावच्या पाहुण्यांना आहे.

ज्या कामाला तारीख बदलता येत नाही, त्यासाठी दिवसातले पहिले विमान घ्यावे. ते रद्द झाले तरी हाती दिवस उरतो. परीक्षा, शस्त्रक्रिया, मुलाखत, परदेशाचे पुढचे विमान अशा प्रसंगी एक पूर्ण दिवस आधी पोहोचण्याचा खर्च हा तिकिटाचाच भाग समजावा. उड्डाण रद्द झाल्याने हुकलेल्या परीक्षेची भरपाई डीजीसीएच्या कोणत्याही तक्त्यात नाही.

युरोपातून भारतात येणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक गोष्ट. युरोपीय संघातील विमानतळावरून निघणाऱ्या उड्डाणाला, कंपनी कोणत्याही देशाची असो, तेथील २००४ चा नियम लागू होतो. पुरेशी पूर्वसूचना न देता आणि असाधारण कारण नसताना उड्डाण रद्द झाले, तर अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो भरपाई मिळते. भारताच्या तुलनेत ही रक्कम बरीच मोठी आहे आणि ती तिकिटाच्या किमतीवर अवलंबून नाही. तेव्हा फ्रँकफुर्टहून नागपूरकडे निघालेल्या मुलाने तक्रार कोठल्या नियमाखाली करायची, हे आधी पाहावे.

पहिल्या तासात काय करावे?

उड्डाण रद्द झाल्याचे कळताच स्वतः अॅपवर जाऊन ‘तिकीट रद्द करा’ हे बटण दाबू नये. तसे केल्यास प्रवाशाने आपखुशीने प्रवास सोडला, असा अर्थ निघू शकतो आणि कपात लागू होऊ शकते. कंपनीच्या संदेशातील परतावा किंवा पर्याय निवडण्याच्या दुव्यावरूनच निर्णय कळवावा.

संदेश कोणत्या दिवशी, किती वाजता आला, हे दिसेल असे छायाचित्र मोबाइलमध्ये जपावे. २४ तासांचा सारा हिशेब त्यावर आहे. काउंटरवरून उड्डाण रद्द झाल्याचे व कारणाचे लेखी पत्र मागावे. टॅक्सी, हॉटेल, नवे तिकीट, वाया गेलेले रेल्वे आरक्षण यांच्या पावत्या एका पाकिटात ठेवाव्यात. नागपूरपर्यंतच्या खाजगी गाडीचे पैसे रोख न देता मोबाइलवरून दिले, तर त्याची नोंद आपोआप राहते.

तक्रार प्रथम कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी करावी. समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे. त्याबरोबर केंद्र सरकारच्या ‘एअर सेवा’ या संकेतस्थळावर नोंद करावी आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. एवढ्यावर भागले नाही, तर ग्राहक आयोग.

येथे लहान गावातील प्रवाशाला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मोठा आधार दिला आहे. पूर्वी ज्या ठिकाणी कंपनीचे कार्यालय असेल किंवा घटना घडली असेल, तेथे दाद मागावी लागे. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते. पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याने दिल्ली वा गुरुग्रामला खेटे घालण्याची गरज उरलेली नाही. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. मुदत मात्र घटनेपासून दोन वर्षांची. डीजीसीएच्या तक्त्यातील भरपाई मिळाली असली, तरी त्यापलीकडील प्रत्यक्ष नुकसान पुराव्यानिशी येथे मांडता येते. चुकलेला सांधा, टॅक्सीचा खर्च, हॉटेलचे वाया गेलेले आरक्षण यांची दाद लागण्याची जागा हीच. अर्थात त्यासाठी ते नुकसान कंपनीच्या दोषातूनच झाले, आणि आपण स्वतः वाजवी सावधगिरी घेतली होती, या दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात.

तेव्हा पुढच्या प्रवासाचे तिकीट काढताना तीनच गोष्टी तपासाव्यात : सर्व उड्डाणे एका पीएनआरवर आहेत का, मोबाइल क्रमांक आपला आहे का, आणि घरापासून विमानतळापर्यंतच्या वाटेवर निदान दोन तासांची सूट ठेवली आहे का. पहिल्या दोन तपासायला पाच मिनिटे पुरतात. तिसरीसाठी पहाटे थोडे लवकर उठावे लागते.